तागडीचं एकच पारडं: फुली डिफरेन्शियल ॲम्प्लिफायरचं एक आउटपुट वापरताना

"मामा, याची एक पिन मोकळीच राहतेय. चालेल ना?"

शनिवारी दुपारी भाची लॅमिंग्टन रोडवरून थेट आमच्याकडे परळला आली. छत्री दारात, पिशवी टेबलावर, आणि चहा यायच्या आत बोर्ड माझ्या हातात. इंजिनीअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. त्यांच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये पहाटे पाणी येतं, आणि गच्चीवरची टाकी किती भरली हे बघायला कुणीतरी टॉर्च घेऊन वर चढतं. पावसाळ्यात ते काम बहुतेक वेळा तिच्या बाबांकडेच येतं. म्हणून टाकीच्या तळाशी प्रेशर सेन्सर, दोन पेन्सिल सेल, छोटासा रेडिओ आणि खाली घरात डिस्प्ले. कल्पना झकास आहे. अडचण एवढीच, की टाकीतलं पाणी कुणी नळसुद्धा उघडलेला नसताना डिस्प्लेवर दहा-दहा सेंटिमीटर वर-खाली होत होतं.

सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यामध्ये तिनं फुली डिफरेन्शियल ॲम्प्लिफायर टाकला होता. "सर म्हणाले डिफरेन्शियल म्हणजे नॉइज कमी." सर चुकीचं बोलले नव्हते. पण त्या ॲम्प्लिफायरला आउटपुट दोन असतात आणि हिच्या मायक्रोकंट्रोलरकडे तिनं वायर एकच नेली होती. दुसरी पिन ती मोकळी पिन. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर "हो, चालेल" असंच आहे, पण टाकीतलं पाणी का हलतंय ते त्या उत्तरात येत नाही.

तागडी

आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आलेत. पण माझ्या लहानपणी बाजारात भाजीवाली मावशी हातात तागडी धरून वजन करायची. एका पारड्यात माप, दुसऱ्यात भेंडी. तिचा हात कधी स्थिर नसायचा, बोलता बोलता वर-खाली व्हायचा, आणि त्याबरोबर दोन्ही पारडी वर-खाली व्हायची. तरी वजन चुकत नसे, कारण आपण बघायचो तो दोन पारड्यांतला फरक. हात किती उंचीवर आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

फुली डिफरेन्शियल ॲम्प्लिफायर म्हणजे हीच तागडी. दोन इनपुट, दोन आउटपुट, आणि शिवाय एक वेगळी पिन, जिला डेटाशीटमध्ये व्हीओसीएम म्हणतात. ही पिन म्हणजे मावशीचा हात. तुम्ही तिथे १.५ व्होल्ट दिलेत की दोन्ही आउटपुटची सरासरी १.५ व्होल्टवर राहते. आतमध्ये एक वेगळं फीडबॅक सर्किट सतत ती सरासरी तपासत असतं आणि जागेवर आणत असतं. सिग्नल आला की एक आउटपुट वर जातं, दुसरं तेवढंच खाली.

साध्या ऑप-ॲम्पमध्ये असा हात नसतो. त्याला एकच आउटपुट, ते ग्राउंडच्या तुलनेत मोजायचं. दोन सिग्नलमधला फरक तेवढा वाढवायचा ही युक्ती मात्र ऑप-ॲम्पपेक्षाही जुनी. १९३६ साली ब्रिटनमध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी व्हॉल्व्हची जोडी अशा कामाला लावून पेटंटचा अर्ज केला होता. इनपुटला जोडी असणं ही आज प्रत्येक ऑप-ॲम्पची गोष्ट आहे. आउटपुटलाही जोडी ठेवली की तो फुली डिफरेन्शियल झाला.

आता मावशीच्या मागच्या भिंतीवर एक पट्टी चिकटवा आणि फक्त भेंडीच्या पारड्याची उंची त्या पट्टीवर वाचून वजन सांगा. हात हलला की वजन बदललं! भाचीनं नेमकं हेच केलं होतं.

आकडे

सोयीसाठी धरू, की टाकीत एक मीटर पाणी आहे आणि सेन्सरच्या ब्रिजमधून (दाबानं बदलणाऱ्या रेझिस्टरच्या चौकटीतून) ५० मिलिव्होल्टचा फरक येतोय. (एक मीटर पाण्याचा दाब साधारण ९.८ किलोपास्कल.) सप्लाय ३ व्होल्ट, गेन (म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते) २०, व्हीओसीएम १.५ व्होल्ट. दोन आउटपुटमधला फरक झाला १ व्होल्ट. पण तो वाटला जातो अर्धा-अर्धा, म्हणजे एक आउटपुट २ व्होल्टवर, दुसरं १ व्होल्टवर. एकच आउटपुट घेतलंत तर तुमच्या वाट्याला सिग्नल आला अर्धा व्होल्ट. गेन २० लावलात, हातात पडला १०. हा पहिला तोटा, आणि तो तसा निरुपद्रवी, कारण गेन वाढवता येतो.

दुसरा तोटा निरुपद्रवी नाही. अर्धा झाला तो फक्त सिग्नल. व्हीओसीएमवर जे काही असेल ते त्या एका आउटपुटवर जसंच्या तसं, पूर्णच्या पूर्ण येतं. बहुतेक डेटाशीटमध्ये पहिल्या पानावर डिफरेन्शियल ऑफसेट (शून्यापासूनची कायमची चूक) आणि नॉइजचे छान-छान आकडे असतात. व्हीओसीएमचा ऑफसेट आणि नॉइज आत कुठेतरी वेगळ्या तक्त्यात सापडतो. ऑफसेट पहिल्या पानावर शेकडो मायक्रोव्होल्टमध्ये असेल तर तिथे तो मिलिव्होल्टमध्ये निघतो, आणि नॉइजही कित्येक पटींनी जास्त असतो. बनवणाऱ्याचं काही चुकत नाही. दोन्ही आउटपुट वापरणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही, मग त्यावर वीज कशाला खर्च करायची? कमी करंटवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये तर काटकसर सगळ्यात आधी तिथेच होते. एकच आउटपुट घेणाऱ्यानं म्हणून तो आतला तक्ता आधी वाचावा. डिस्टॉर्शनचंही तसंच. दुसऱ्या, चौथ्या अशा सम हार्मोनिक्स (मूळ फ्रीक्वेन्सीच्या सम पटीतले आगंतुक सिग्नल) दोन आउटपुटच्या वजाबाकीत मोठ्या प्रमाणात कटतात. वजाबाकीच केली नाही तर त्या राहतात. पाण्याच्या टाकीला हार्मोनिक्सचं काय, पण ऑडिओवाल्यांनी लक्षात ठेवावं.

भाचीच्या बोर्डवर व्हीओसीएम आलं होतं कुठून, तर सप्लायवर लावलेल्या १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरच्या मधून. म्हणजे सप्लायचा बरोबर अर्धा. कित्येक चिपमध्ये ही पिन मोकळी सोडली तर आतले रेझिस्टर हेच करतात, त्यामुळे पिन मोकळी सोडून सुटका होत नाही. त्या मधल्या बिंदूला तिनं ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडकडे लावला होता. पुस्तकात लिहिलेलं असतं, सगळेच लावतात.

रेडिओ संदेश पाठवतो तेव्हा पेन्सिल सेलवर ताण येतो आणि ३ व्होल्टचे २.९ होतात. प्रोग्रामच असा लिहिला होता, की पाठवता पाठवताच रीडिंग घ्यायचं. मग काय होतं?

ब्रिजला त्याच सेलमधून वीज मिळते, त्यामुळे ५० चे ४८.३ मिलिव्होल्ट झाले. मायक्रोकंट्रोलरचा १२ बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, हाही संदर्भ म्हणून त्याच सप्लायकडे बघतो. आता व्हीओसीएमसुद्धा लगेच अर्ध्यावर, म्हणजे १.४५ वर आलं असतं, तर आउटपुट झालं असतं १.९३३ व्होल्ट. त्याला २.९ नं भागा, ४०९६ नं गुणा. उत्तर २७३१. आणि सप्लाय ३ व्होल्ट असताना, २ भागिले ३ गुणिले ४०९६? तेही २७३१! सगळेच एका प्रमाणात खाली आले, म्हणून कुणालाच काही कळलं नाही. याला रेशोमेट्रिक मोजणी म्हणतात, आणि गरिबाघरच्या सर्किटला याच्यासारखा आधार नाही.

पण तो कपॅसिटर. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर म्हणजे ५० किलोओहम, गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, कपॅसिटर किती सावकाश बदलतो त्याचं माप. सप्लाय पडला तरी व्हीओसीएम थोडा वेळ १.५ वरच लोंबकळत राहतं. तेव्हा आउटपुट १.९८३ व्होल्ट, आणि एडीसीचा आकडा २८०१. सत्तर आकडे जास्त. एक मीटरला तिच्या सर्किटमध्ये ६८३ आकडे होते, म्हणजे पाणी दहा सेंटिमीटर वाढलं. पुढं रेडिओ थांबतो, सप्लाय चटकन ३ वर येतो, व्हीओसीएम अजून १.४५ वर. आकडा २६६२. पाणी दहा सेंटिमीटर खाली.

हे मी कागदावर मांडत होतो तेव्हा ती लॅपटॉपवर आदल्या रात्रीचं लॉगिंग उघडून बसली होती. २७९० च्या आसपासचा एक झुबका, २६७० च्या आसपासचा दुसरा, मध्ये विखुरलेले. "पण नॉइज कमी करायलाच लावलेला ना तो कपॅसिटर?" आवाजात चांगलाच राग होता. बरोबरच आहे. आउटपुट दोन्ही वापरले असते तर तो कपॅसिटर गुणीच ठरला असता.

लोकलचा हम आणि हातातला कंप

इथे एक गोंधळ नेहमी होतो. आमच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. मुंबईच्या लोकलला पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होतं, आता ओव्हरहेड वायरमध्ये २५ किलोव्होल्ट एसी, ५० हर्ट्झ. घरातलं वायरिंगही ५० हर्ट्झचंच. सेन्सरच्या लांब वायरीवर हा हम, म्हणजे विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण, बसतोच. "मग एकच आउटपुट घेतलं तर तोही कटणार नाही?"

कटेल. वायरीवर येणारा हम दोन्ही इनपुटवर सारखा येतो, आणि तो इनपुटलाच कापला जातो. किती कापला जाईल हे ठरतं बाहेरच्या चार रेझिस्टरची जोडी किती जुळते त्यावर. सगळे १ टक्क्याचे असतील आणि नशीब अगदीच वाईट असेल, तर गेन २० ला साधारण ५०० पट. म्हणून ०.१ टक्क्याचे घ्यावेत. रेझिस्टरच्या एकाच पट्टीतून शेजारचे चार उचलले तरी बरेच जुळतात, हा रस्त्यावरचा उपाय. एकच आउटपुट घेतल्यानं बिघडतं ते आउटपुटच्या बाजूचं कॉमन-मोड, म्हणजे दोन्ही आउटपुटचं एकत्र हलणं. भेंडीच्या पिशवीला कुणी धक्का दिला तर ती वेगळी गोष्ट आणि मावशीचा हात हलला तर वेगळी.

पारडं जमिनीला टेकलं

भाचीनं मधल्या काळात स्वतःच एक उपाय करून बघितला होता. टाकीत पाणी नसतं तेव्हा शून्य दिसायला हवं, मग १.५ व्होल्टपासून सुरुवात कशाला? तिनं व्हीओसीएम ०.३ व्होल्टवर आणलं. कागदावर आउटपुट ०.३ पासून २.८ पर्यंत मोकळं. प्रत्यक्षात वीतभर पाणी भरल्यापासूनच आकडे वेडेवाकडे झाले.

वापरत नसलो तरी दुसरं आउटपुट आहे, आणि त्यालाही तेवढंच हलावं लागतं. पहिलं ०.३ वरून ०.५ वर गेलं की दुसऱ्याला ०.१ वर जावं लागणार. त्याच्या खाली ग्राउंड. तागडी इतकी खाली धरली की रिकामं पारडं जमिनीला टेकलं. मग सरासरी सांभाळणारं आतलं सर्किट आणि सिग्नल सांभाळणारं बाहेरचं सर्किट एकमेकांशी भांडू लागतात, आणि आपण बघत असलेलं आउटपुटही भरवशाचं राहत नाही. म्हणून मोकळ्या पिनला ग्राउंडला तर लावायचं नाहीच, तिला श्वास घ्यायला वर-खाली जागाही ठेवायची. फीडबॅकचा रेझिस्टर तिच्यावरून काढला की ती आपोआप शांत बसते असंही नाही. ती आरशासारखी उलट हलतच राहते.

एका रेझिस्टरचं एक टोक

आता उपाय. पहिला इतका सोपा आहे की सांगायला लाज वाटते. मायक्रोकंट्रोलरला एडीसीच्या आठ पिना आहेत, दुसरं आउटपुट त्यातल्या एकीला लावा आणि प्रोग्राममध्ये वजाबाकी करा. काही मायक्रोकंट्रोलरमध्ये डिफरेन्शियल मोडच असतो. पाणी सावकाश चढतं, त्यामुळे दोन रीडिंग एकापाठोपाठ घेतली तरी चालतात, फक्त रेडिओ चालू-बंद होतानाचा क्षण टाळायचा. पूर्ण गेन परत मिळाला, व्हीओसीएम कटलं, एक वायर वाढली.

पण तिच्या बोर्डवर उरलेल्या पिना आधीच इतर कामांनी खाल्ल्या होत्या. तेव्हा दुसरा उपाय, आणि माझ्या मते खरी गंमत याच्यातच आहे.

नेहमीच्या जोडणीत दोन फीडबॅक रेझिस्टर असतात. वरच्या आउटपुटवरून ऋण इनपुटला एक, खालच्या आउटपुटवरून धन इनपुटला दुसरा. यातल्या दुसऱ्या रेझिस्टरचं आउटपुटकडचं टोक उचला आणि ते ग्राउंडला लावा. बस. सोल्डरिंगचं काम एका मिनिटाचं.

झालं काय? आधी फीडबॅक दोन आउटपुटमधल्या फरकावर नजर ठेवून होता. सरासरी कुठे आहे याची त्याला पर्वा नव्हती. आता तो एकाच आउटपुटकडे बघतो. व्हीओसीएममुळे ते आउटपुट जरा जरी सरकलं तरी फीडबॅकला ती चूक दिसते आणि तो ती दुरुस्त करतो, मग सगळं सरकणं मोकळ्या आउटपुटच्या गळ्यात पडतं. एक पारडं भिंतीतल्या खुंटीशी बांधल्यासारखं. हात हलला तर आता दुसरं पारडं दुप्पट हलेल, याची उंची बदलणार नाही. गणितही करून बघा. आउटपुट म्हणजे ग्राउंडचे शून्य व्होल्ट, अधिक गेन गुणिले ब्रिजचा फरक. व्हीओसीएम समीकरणातून चक्क उडून जातं. शिवाय गेन अर्धा होत नाही, पूर्ण २० मिळतो, म्हणजे एक मीटरला एक व्होल्ट, आधीच्या दुप्पट. आणि शून्य पाण्याला शून्य, व्हीओसीएमला हात न लावता. ते आपलं मध्यावर १.५ लाच ठेवायचं, म्हणजे मोकळ्या पारड्यालाही पुरेशी जागा.

फुकट काही नाही. एका आउटपुटपुरता ॲम्प्लिफायरचा ओपन-लूप गेन (फीडबॅकशिवायचा गेन) निम्माच, त्यामुळे बँडविड्थही साधारण निम्मी होते. व्हीओसीएमवरचा कचरा कटतो तोही लूप गेन, म्हणजे फीडबॅकची चूक दुरुस्त करायची ताकद, आहे तोवरच. खूप वरच्या फ्रीक्वेन्सीला लूप गेन संपतो आणि कचरा परत दिसायला लागतो. म्हणून हा उपाय सावकाश सिग्नलचा. आउटपुट अगदी शून्याला टेकू शकत नाही, त्यामुळे टाकीच्या तळाचे आठ-दहा सेंटिमीटर दिसणार नाहीत. तिथे गाळच असतो.

थोडक्यात आपण महागड्या तागडीचा साधा काटा केला. चिपच्या आत डिझाइन करणारे हे काम आणखी हुशारीनं करतात. एकच आउटपुट हवं असेल तर ते दुसऱ्या बाजूचा करंट फेकून देत नाहीत, करंट मिररनं वळवून पहिल्या बाजूला आणून मिळवतात. दोन बाजूंचा सिग्नल एकत्र येतो, त्याच करंटमध्ये. साध्या ऑप-ॲम्पच्या पोटात बहुधा हेच चाललेलं असतं. बाहेरून बोर्डवर काम करणाऱ्याला ती सोय नाही.

सेल किती दिवस पुरतील

"पण मग मी हा आयसी घ्यायलाच नको होता का?"

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीएचएस ४५३१ हा फुली डिफरेन्शियल ॲम्प्लिफायर २५० मायक्रोअँपिअरमध्ये चालतो आणि ३६ मेगाहर्ट्झची बँडविड्थ देतो, हे खरंच कौतुकाचं आहे. ॲनालॉग डिव्हायसेसचा एडीए ४९४०-१ सव्वा मिलिअँपिअर घेतो. पण टाकीतलं पाणी ३६ मेगाहर्ट्झनं चढत नाही. ब्रिजसाठी बनवलेला आयएनए ३३३ सारखा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर ५० मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो, त्याला एकच आउटपुट आणि एक रेफरन्स पिन असते, आणि मुख्य म्हणजे तो ब्रिजमधून करंट ओढत नाही. फुली डिफरेन्शियलच्या इनपुटला रेझिस्टर असतात आणि ते ब्रिजवर लोड टाकतात. ५ किलोओहमच्या ब्रिजची प्रत्येक बाजू २.५ किलोओहमची दिसते. तुम्ही इनपुटला १० किलोओहम लावलेत तर खरे झाले १२.५. गेन २० हवा असेल तर फीडबॅकला २५० किलोओहम लागतात, २०० नाही. वर ब्रिजचा रेझिस्टन्स तापमानानं बदलतो, मे महिन्यात गच्चीवर गेन वेगळा आणि ऑगस्टमध्ये वेगळा. तर हो, कोऱ्या पाटीवर सुरुवात असती तर मी हा आयसी निवडला नसता. फुली डिफरेन्शियल एकाच आउटपुटसाठी घ्यायला कारण लागतं. दोन ॲम्प्लिफायरच्या पॅकेजमधला एक उरलाय, किंवा पुढच्या व्हर्जनमध्ये डिफरेन्शियल एडीसी येणार आहे. किंवा, हिच्यासारखं, तो आधीच सोल्डर झालाय आणि सबमिशन सोमवारी आहे.

शिवाय करंटचा हिशेब मांडला की दोष भलत्याच ठिकाणी निघाला. ३ व्होल्टवर ५ किलोओहमचा ब्रिज एकटाच ६०० मायक्रोअँपिअर खातो. ॲम्प्लिफायर २५०. दोन्ही कायम चालू ठेवले तर २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल जेमतेम ९८ दिवस जातील, रेडिओ धरलाच नाही. पण दर मिनिटाला ६० मिलिसेकंदच चालू केलं तर सरासरी उतरते ०.८५ मायक्रोअँपिअरवर. तिनं हे केलंही होतं. ॲम्प्लिफायरला पॉवर-डाउन पिन होती, ब्रिजच्या वाटेत मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा स्विच) होता. फक्त व्हीओसीएमचे ते दोन १०० किलोओहम तिनं थेट सेलवर ठेवले होते. रात्रंदिवस १५ मायक्रोअँपिअर. बाकी सगळ्यांच्या मिळून सतरा पट.

मग त्यांनाही मॉसफेटच्या मागे टाकायचे. पण मग प्रत्येक वेळी तो ०.१ मायक्रोफॅरड पुन्हा शून्यापासून भरायचा. ५ मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, दहा बिटांपर्यंत स्थिर व्हायला सात पट म्हणजे ३५ मिलिसेकंद. ॲम्प्लिफायर त्याच्या कितीतरी आधी जागा झालेला असतो आणि नुसता वाट बघत करंट खात बसतो. एका टोकाच्या फीडबॅकनंतर व्हीओसीएम इतकं साफ असण्याची गरजच उरली नव्हती, म्हणून कपॅसिटर उतरवून १ नॅनोफॅरड लावला. सात टाइम कॉन्स्टंट आता ३५० मायक्रोसेकंदांत संपतात. तिनं चालू ठेवायची वेळ ६० वरून ५ मिलिसेकंदांवर आणली आणि रीडिंग रेडिओच्या आधी घ्यायला लावलं.

करंट वाचवायला मोठे रेझिस्टर लावताना दोन गोष्टी. २५० किलोओहमचा थर्मल नॉइज साधारण ६४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, एडीसीची एक पायरी ०.७३ मिलिव्होल्ट. इथे त्याची भीती बाळगू नका. भीती आहे ती कमी गेनला. गेन १ साठी १०० किलोओहमची जोडी लावलीत तर इनपुटच्या तीन पिकोफॅरडबरोबर मेगाहर्ट्झच्या आसपास पोल तयार होतो, म्हणजे तिथून पुढं फीडबॅक उशिरा पोचतो, आणि ३६ मेगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर शिट्टी मारायला लागतो. फीडबॅक रेझिस्टरवर दोन-चार पिकोफॅरडचा कपॅसिटर आडवा टाकला की गप्प होतो. आणि मुंबईत जुलैमध्ये बोर्डवर फ्लक्स राहिला असेल तर २५० किलोओहम हे २५० किलोओहम राहत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, वर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल न लागू देणारा पातळ थर.

रात्री नऊला रेझिस्टरचं टोक उचललं, ग्राउंडला टेकवलं. बादलीत पाइप बुडवून बघितलं, आकडा एका जागी. तिनं रेडिओ मुद्दाम सलग चालू ठेवून बघितला. आकडा जागचा हलला नाही. मग मोकळ्या पिनवर तिनं एक छोटा टेस्ट पॉइंट सोल्डर केला आणि ऑसिलोस्कोपचा दुसरा प्रोब तिथे लावला. रेडिओच्या प्रत्येक संदेशाला वरची रेघ सरळ, आणि खालची, जिच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं, ती शंभर मिलिव्होल्टनं खाली जाऊन परत येत होती.

"सगळा मार तिलाच," ती म्हणाली, आणि प्रोब काढून ठेवला.